बंडाच्या आदल्या दिवशीचे नाटक

फोंडा तालुक्यातल्या एका मंडळाच्या तरुण दिग्दर्शकाने विचारले आहे: "आमच्या देवळाच्या उत्सवात यंदा ऐतिहासिक नाटक घ्यायचे ठरले आहे. 1601 साली लंडनमध्ये बंडखोरांनी उठावाच्या आदल्या दिवशी मुद्दाम इतिहासावरचे नाटक लावले होते, असे वाचले. आपल्याकडे 'कीचकवधा'वर बंदी आली. इतिहासाच्या नाटकाने माणसे खरेच बंडाला उठतात का? आणि तसे नाटक लिहायचे, बसवायचे कसे?"

मी चाळीस वर्षे गोव्याच्या उत्सवी रंगभूमीवर आहे. आधी नट, मग तालीम मास्तर, आता बहुतेक वेळ दिग्दर्शन आणि संहितेची काटछाट. त्या अनुभवावरून सांगतो: नाटक पाहून कुणी बंडाला उठत नाही. पण मनात राग घेऊन जगणाऱ्या माणसाला आपण एकटे नाही हे नाटकात कळू शकते, आणि राज्यकर्त्यांना भीती असते ती याच गोष्टीची. तुमच्या प्रश्नातली लंडनची हकीकत इथूनच नीट समजते.

एलिझाबेथ राणीचा एके काळचा लाडका सरदार अर्ल ऑफ एसेक्स आयर्लंडच्या मोहिमेत हात पोळून परतला, मर्जीतून उतरला. गोड वाइनच्या जकातीचे उत्पन्न होते, तेही गेले. राणी सदुसष्ट वर्षांची, पोटी मूल नाही, वारस जाहीर केलेला नाही. अशा वेळी फेब्रुवारी 1601 मध्ये एसेक्सची काही माणसे ग्लोब नाटकघराच्या कंपनीकडे गेली आणि म्हणाली, दुसऱ्या रिचर्ड राजाचे, त्याला गादीवरून उतरवून मारल्याचे नाटक करा. रिचर्डला पदच्युत केले ते 1399 साली, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. नटांनी आढेवेढे घेतले. त्यांचे म्हणणे पुढे चौकशीत कंपनीतल्या ऑगस्टिन फिलिप्सने नोंदवले: नाटक इतके जुने आहे, इतके दिवस बंद आहे, की त्याला प्रेक्षक येणार नाहीत. तेव्हा नेहमीच्या मिळकतीवर चाळीस शिलिंग जास्त देऊ केले आणि नट तयार झाले.

नटांचे हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. 'ते नाटक आता चालत नाही, गल्ला भरणार नाही' हे कुठल्या मंडळीत ऐकलेले नाही? नटांच्या डोळ्यांसमोर नाटकघर होते, बंड नव्हते. शनिवारी 7 फेब्रुवारीला कटातली काही मंडळी जेवून, थेम्स ओलांडून नाटकाला गेली. रविवारी सकाळी एसेक्स दोन-तीनशे लोकांसह शहरात शिरला. रस्त्यावरून ओरडत गेला, पण लंडनचा एक माणूस घरातून बाहेर येईना. रात्रीपर्यंत सगळे आटोपले होते. 25 फेब्रुवारीला एसेक्सचे डोके उडवले. नाटक ठरवण्यात ज्याचा हात होता तो गेली मेरिक मार्चमध्ये फासावर गेला. नटांना मात्र काहीच झाले नाही. उलट एसेक्सच्या मृत्यूच्या आदल्या रात्री त्याच कंपनीने राणीपुढे प्रयोग केला.

हे सपशेल का फसले? माझ्या मते, ते नाटक कटवाल्यांनी स्वतःसाठीच लावले होते. उद्या जे करायचे ते पूर्वी एकदा घडून गेले आहे, जगबुडी झाली नव्हती, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांचा धीर वाढलाही असेल. पण लंडनच्या सुताराला, कोष्ट्याला, दुकानदाराला रिचर्डच्या गादीत स्वतःचे काही दिसले नाही. सरदाराची जकात गेली म्हणून सुताराने डोके का द्यावे?

तरीही सत्तेला भीती होतीच, आणि ती नेमकी कुठे होती ते पाहण्यासारखे आहे. शेक्सपिअरचे दुसऱ्या रिचर्डवरचे नाटक 1597 साली छापले गेले, तेव्हा राजा आपल्या हाताने मुकुट उतरवून देतो तो प्रवेश पुस्तकात नव्हता. तो छापून आला 1608 मध्ये. एलिझाबेथ वारून तेव्हा पाच वर्षे झाली होती. राजाचा खून छापलेला चालला. मुकुट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दाखवणे चालले नाही. संहिता हातात घेतली की मी हा प्रवेश आठवतो. सेन्सॉरची कात्री जिथे पडते तिथे बहुतेक वेळा नाटकातली सर्वांत साधी कृती असते. आवेशाचे भाषण तिथे क्वचितच असते.

आता आपल्याकडचे. 'कीचकवध' हे पुराणावरचे नाटक, इतिहासावरचे नव्हे, असे तुम्हाला कुणी म्हणेल. म्हणू द्या. आपल्या प्रेक्षकाच्या मनात भीम आणि बाजीप्रभू एकाच कोनाड्यात असतात. फरक एवढाच की पुराणाकडे सरकारचे लक्ष उशिरा जाते. ते लिहिणारे खाडिलकर 'केसरी'तले, टिळकांच्या अगदी जवळचे. नाटक रंगभूमीवर आले 1907 मध्ये. बंगालची फाळणी करणारा कर्झन 1905 सालीच परत गेला होता, तरी कीचक म्हणजे कर्झन हे महाराष्ट्रातल्या पिटातल्या माणसालाही सांगावे लागले नाही. सैरंध्री म्हणजे हा देश, धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, आणि शेवटी कीचकाला ठेचणारा भीम म्हणजे जहाल. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल याने 1910 मध्ये लिहिले ते हेच: कर्झनचे नाव रंगमंचावर कुठे उच्चारले जात नाही, छापील पुस्तकातही नाही, तरी नाटकघरातल्या प्रत्येकाला ते माहीत असते. चिरोल आपल्या चळवळीचा कट्टर विरोधक, पण या नाटकाचे तंत्र त्याने बरोबर ओळखले होते. नाव न घेण्यातच नाटकाची ताकद होती.

एसेक्सच्या माणसांना जे मिळाले नाही ते खाडिलकरांना का मिळाले? एक तर प्रेक्षकाला कथा मुखपाठ होती. भीम शेवटी काय करणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून पुढे काय होणार याची उत्सुकता नव्हती, होती ती वाट पाहण्याची तगमग. युधिष्ठिर प्रत्येक प्रवेशात आणखी थोडे थांबा म्हणतो आणि थिएटर चुळबुळत राहते. ती चुळबूळ शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला जाणवते. दुसरे म्हणजे, वर्षानुवर्षे वर्तमानपत्राने आणि मेळ्यांनी तो प्रेक्षक आधीच तयार केला होता. नाटक त्या तयार जमिनीवर पडले.

बंदी आली जानेवारी 1910 मध्ये, 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली. त्याच्या महिनाभर आधी, 21 डिसेंबर 1909 ला, नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री तिथे प्रयोग कुठला होता? 'शारदा'. म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचे, समाजसुधारणेचे नाटक. गोळ्या चालल्या देवलांच्या नाटकाला आणि बंदी आली खाडिलकरांच्या नाटकावर. नाटकातून थेट हिंसा निघते असे मानणाऱ्या प्रत्येकाला मी ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवून दाखवतो.

आपल्या रंगभूमीवर इतिहास आला तोच मुळी वियोगाच्या सुरात. विनायक जनार्दन कीर्तन्यांनी 'थोरले माधवराव पेशवे' लिहिले 1861 साली. पेशवाई बुडून तेव्हा 43 वर्षे झाली होती आणि 1857 तर कालचेच. त्यात बंडाचे आवाहन नाही. पण आपलेही दरबार होते, आपलेही कारभारी होते, हे त्या काळी रंगमंचावर उभे राहणे किती मोठे असेल याचा अंदाज आज आपल्याला येत नाही.

गोव्यात ब्रिटिशांचा कायदा नव्हता, पण पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत सेन्सॉर होता आणि तो कडक होता. छापायचे ते आधी त्याच्या हाताखालून जायचे. लग्नपत्रिकासुद्धा, असे जुनी माणसे सांगत. 18 जून 1946 ला मडगावात लोहियांनी सभा घेतली आणि त्यानंतर 'जय हिंद' म्हटल्याबद्दल माणसे कोठडीत गेली. अशा दिवसांत देवळासमोरच्या मांडवात शिवाजी महाराजांची नाटके होत. माझे गुरू त्या पिढीतले. त्यांच्याकडून मी ऐकले ते असे: रंगमंचावर शत्रू नेहमी मोगल नाहीतर विजापूरकर. पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, उल्लेख एका अक्षराने नाही. पण "परक्याची चाकरी" असा शब्द आला की ते वाक्य संपवून नटाने उजवीकडे तोंड फिरवायचे आणि मनातल्या मनात चार मात्रा मोजायच्या, अशी त्यांना शिकवण होती. प्रेक्षकांकडे बघायचे नाही, हातवारे नाहीत, आवाज चढवायचा नाही. समोर पहिल्या रांगेत रेजिदोर, पोर्तुगीज सरकारचा गावातला अधिकारी, बसलेला. त्याला दिसे मोगल. मागच्या माणसांना काय दिसे ते चार मात्रांच्या शांततेत सगळ्यांना ऐकू येई. त्या चार मात्रा मी आजही नव्या पोरांकडून घोटून घेतो.

तुमच्या मनात कदाचित असेल की आता तर सेन्सॉर नाही, मग सरळ बोलायला काय हरकत? हरकत कायद्याची नाही, नाटकाचीच आहे. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोकणी नाटकात, कथानक थांबते, गायक पुढे येतो आणि कांतारात, म्हणजे गाण्यात, मंत्र्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांचा समाचार घेतो. लोक 'परत' म्हणून ओरडतात. ती जागा तियात्राने त्याच कामासाठी राखलेली आहे आणि ती फार मोलाची आहे. ऐतिहासिक नाटकात ती जागा नाही. तिथे सतराव्या शतकातला माणूस आजच्या खाणीबद्दल किंवा जमिनीच्या रूपांतराबद्दल बोलला की टाळी येते, आणि टाळीबरोबर प्रेक्षकाचे काम संपते. त्याने स्वतः जोडायचे ते तुम्ही जोडून दिलेले असते.

हे मी दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. संभाजी महाराजांच्या 1683 च्या स्वारीवरचे नाटक आम्ही एका गावात केले. फोंड्याच्या किल्ल्याचा वेढा उठवून विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, मागे फिरतो, मराठे सांत इस्तेव्ह बेटावर उतरतात, आणि घाबरलेला विजरई जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवपेटीजवळ आपला राजदंड नेऊन ठेवतो. नाटककाराला इतिहासाने आयता दिलेला प्रवेश. आमच्या मुख्य नटाने प्रयोगात दोन वाक्ये आपल्या पदरची घातली, त्या वर्षीच्या एका सरकारी निर्णयावर. मांडव दणाणला. पण पुढचे वीस मिनिटे माणसे त्याच्याकडून तिसऱ्या वाक्याची वाट पाहत होती, राजदंडाच्या प्रवेशाकडे कुणाचे लक्षच नव्हते. उत्सवातून घरी जाताना लोक नटाचे कौतुक करत होते. राज्य कशाने डळमळते याचा विचार कुणी बरोबर नेला नाही.

दुसरा अनुभव सत्तरी तालुक्यातल्या राणे घराण्याच्या बंडावरच्या नाटकाचा. दिपाजी राणे यांनी 1852 च्या जानेवारीत नाणूसचा किल्ला घेतला तिथून सुरुवात होती. तो भाग लढाईचा, तलवारीचा, पोरांना आवडणारा. पण त्याआधी एक छोटा प्रवेश होता. कारकून येतो, ओसरीवर वही उघडतो आणि कसणाऱ्यांची नावे वाचतो. एक शेतकरी बाजूला उभा आहे. नावे संपतात. शेतकरी म्हणतो, "माझे?" कारकून म्हणतो, "नाही." शेतकरी म्हणतो, "परत वाच." आणि कारकून पहिल्या नावापासून परत वाचतो. सगळी नावे, त्याच सुरात. बस्स. संगीत नाही, स्वगत नाही.

तालमीत सगळे म्हणाले, दुसऱ्यांदा वाचणे कापा, कंटाळवाणे आहे. मी ठेवले. प्रयोगाला दुसऱ्या वाचनाच्या मध्यावर मांडव इतका शांत झाला की समईभोवतीच्या किड्यांचा आवाज यावा. मग मागे बायकांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आमगेरूय अशेंच केलें." कुणी हसले नाही. त्या वाड्यावर कितीतरी कुळांची आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांची नावे वन-फोर्टीनच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी, उताऱ्यावर नाहीत, हे आम्हा नटांना माहीतही नव्हते. दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात नाटकाबद्दल कुणी बोलत नव्हते. कोण कुठल्या तारखेला मामलेदाराकडे जाऊन आला, कुणाकडे कुठला जुना कागद आहे, हेच चालले होते. पुढे त्यातल्या काही घरांनी मिळून एक वकील केला. आपापल्या घरात प्रत्येकाला ते दुखणे वर्षानुवर्षे होते, शेजाऱ्याचेही तेच आहे हे त्या रात्री कळले. याहून मोठा 'परिणाम' मी माझ्या कुठल्याही नाटकाचा पाहिलेला नाही. यात तलवारीचा वाटा शून्य होता.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही, पण गोव्यात ऐतिहासिक नाटक करणाऱ्याने विसरू नये. जी जागा तुम्ही रिकामी ठेवता ती प्रेक्षक भरतो, आणि ती तो चुकीच्या माणसाने भरू शकतो. मोगल म्हटले की पाखले समजणारा प्रेक्षक, पाखले दाखवले की शेजारचा क्रिस्तांव समजू शकतो. आमच्या जुन्या एका नाटकात एका पाद्रीला मारहाण होत असे, तोही सोंगासारखा रंगवलेला. शिट्ट्या पडायच्या. आमची प्रकाशयोजना तेव्हा एक कॅथलिक मित्र करायचा, वर्षानुवर्षे, बहुतेक वेळा पैसे न घेता. एका रात्री त्या प्रवेशानंतर मी विंगेत उभा होतो आणि तो डिमरवर हात ठेवून खाली पाहत होता. प्रयोग संपल्यावर त्याने नेहमीसारख्या केबली गुंडाळल्या, नीट मोजून पेटीत ठेवल्या आणि न जेवता गेला. मी त्याला काही बोलू शकलो नाही, त्याची मला आजही लाज वाटते. तो प्रवेश मी दुसऱ्या दिवशी कापला. तो आधी कापायला हवा होता.

इन्क्विझिशनचा जुलूम लपवा असे मी म्हणत नाही. तो झाला, तो दाखवा. 1583 चे कुंकळ्ळीचे बंड दाखवा, बोलणीसाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलेले गावकर दाखवा. पण 1787 चा पिंटोंचा कटही दाखवा. पोर्तुगीजांविरुद्धच्या त्या कटाचे पुढारी गोव्याचेच पाद्री होते, कांदोळीच्या पिंटो घराण्यात त्यांची खलबते चालायची, आणि तो फुटल्यावर पंधरा जणांना देहांत शिक्षा झाली. झग्यातला बंडखोर एकदा रंगमंचावर आणला की प्रेक्षकाच्या मनातली वाटणी आपोआप बदलते: परका कोण आणि आपला कोण हे कपाळावरच्या गंधावरून ठरत नाही, हे त्याला भाषणाशिवाय दिसते. या कटावर मराठीत उत्सवी रंगभूमीसाठी चांगली संहिता हवी आहे. तुम्ही लिहिणार असाल तर मी तालमी घ्यायला येईन.

बसवण्याबद्दल थोडे. लढाया कमी करा. आपल्या मांडवात आठ माणसांत सैन्य उभे राहत नाही, आणि तलवारींचा खणखणाट ज्याला ऐकायचा आहे त्याला विचार करायचा नसतो. त्याऐवजी सत्ता जिथे सामान्य माणसाच्या अंगाला लागते त्या जागा शोधा: वही, दंड, मोजणीची दोरी, जप्त होणारी गाय, बोटीत चढायचा हुकूम. 1895 मध्ये राणे घराण्याच्या पुढच्या बंडाला तोंड फुटले ते गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला पाठवायचे ठरले आणि त्यांनी नकार दिला तेव्हा. 'मी समुद्रापलीकडे जाणार नाही' हे एवढे एक वाक्य तुम्हाला अख्खा अंक देईल. खलनायकाला मूर्ख करू नका. कारकून सभ्य असू द्या, त्याचे अक्षर चांगले असू द्या, त्याला घाम येऊ द्या.

भरतवाक्यानंतर कुणी माइक हातात घेऊन नाटकाचा बोध सांगायचा नाही, हे महाजनांना आणि पाहुण्यांना आधीच हात जोडून सांगा. सत्कार करायचा तर नांदीआधी करा. आणि शेवटच्या दोन तालमींना गावातली दोन-तीन म्हातारी माणसे देवळाच्या अग्रशाळेत आणून बसवा, त्यांना काही विचारू नका. ती कुठे मान हलवतात, कुठे एकमेकांकडे बघतात, तेवढे संहितेच्या समासात टिपून ठेवा, आणि नेमक्या त्याच जागी नटाला चार मात्रा थांबायला शिकवा.